भाऊंची भिंत

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. आमच्या शेणव्याच्या नाक्यावर ते निवडणुकीच्या हंगामात आपोआप साठतात, आणि त्यातले निम्मे काशिनाथभाऊंचे! पंचायत समितीत एकदा तरी बसायचं, ही या माणसाची एकच इच्छा. त्यापायी नव्वदनंतरच्या दहा-बारा वर्षांत भाऊंचे तालुक्यातले सगळे पक्ष फिरून झाले.

*

भाऊंचं घर रस्त्यालगत. त्यांनी पक्ष बदलला की जगन पेंटर यायचा, भिंतीवरच्या जुन्या चिन्हावर चुना मारायचा आणि नवं काढायचा. एकदा चुन्याखालून जुनं चिन्ह स्पष्ट दिसायला लागलं. भाऊ भडकले.

"जगन्या, चुन्यात निस्तं पाणीच घातलंस काय रे?"

"मुद्दाम पातळ मारलाय भाऊ. परत जायचं झालं तर फक्त धुवायचं!"

भाऊंनी थोडा विचार केला आणि त्याला चहा पाजला.

*

म्हसा गावच्या जत्रेत भाऊ बैल बघत होते. मी बरोबर. व्यापारी मोठा बोलका.

"घेऊन जा भाऊ. कुठंबी सोडा, संध्याकाळी बरोबर आपल्याच गोठ्यात येतो!"

मागून कुणीतरी ओरडलं, "घ्या भाऊ, घरात एक तरी तसा पायजे!"

भाऊंनी तो बैल घेतला नाही.

*

एकदा नव्या पक्षाचं तिकीट मागायला आम्ही शहापूरला गेलो. बोलता बोलता भाऊ सवयीनं जुन्याच पक्षाच्या ऑफिसचा जिना चढले. तिथल्यांनीही सवयीनं चहा मागवला. खाली उतरलो तेव्हा भाऊ तालुका उपाध्यक्ष झाले होते!

"भाऊ, अहो आपण यांना सोडलंय ना?"

"चा पिल्यावर नाय कसं म्हनायचं रे!"

मला त्यांचा रागही यायचा आणि हसूही आवरायचं नाही.

*

मग पंचायत समितीचा आमचा गण महिलांसाठी राखीव झाला. भाऊ बायकोसाठी, सुमनवहिनींसाठी, तिकीट मागायला निघाले. पण आता त्यांच्यावर कुणाचाच भरवसा उरला नव्हता. वहिनी अपक्ष उभ्या राहिल्या. चिन्ह मिळालं कपबशी. जगननं ती भिंतीवर काढली. वहिनी पाड्यापाड्यांवर चालत गेल्या, बायकांशी चुलीपाशी बसून बोलल्या आणि चक्क निवडून आल्या!

मिरवणुकीत सगळे हार मात्र भाऊंच्या गळ्यात. मी म्हटलं, "वहिनी, हे काय?"

"घालू दे त्यांना. लय वर्सं थांबलेत."

*

सभापती निवडायच्या वेळी दोन्ही गट सारखे. सगळं अडलं वहिनींच्या एका हातावर. भाऊंनी परस्पर एका गटाला शब्द दिला आणि बाहेर जीपमध्ये पेढे घेऊन बसले. आत दुसऱ्या गटानं सभापतिपदासाठी वहिनींचंच नाव पुढे केलं, आणि वहिनींनी स्वतःसाठी हात वर केला!

त्या बाहेर आल्या तेव्हा बातमी कळलेले भाऊ पेढे तसेच ठेवून जीपमधून उतरले.

"अगो, मला एका शब्दानं इचारायचं तरी!"

"तुमी एवढे पक्ष बदललेत. मला कदी इचारलंत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी जगनला बोलावलं. आता वहिनींच्या नव्या गटाचं चिन्ह भिंतीवर हवं ना! आम्ही सगळे ओट्यावर. जगननं चुना कालवला.

"पातळच मारू ना, भाऊ?"

वहिनी दारात आल्या. "कपबशीला हात लावायचा नाय. जगनभावजी, बसा, चा घेऊन जा."

मग भाऊंकडे वळून म्हणाल्या, "अवो, चा टाकता ना?"

भाऊ उठले आणि आत गेले.