नातेवाईक कोण आहे?

बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या दिवशी मी अमरावतीच्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. बायोप्सी म्हणजे गाठीचा बारीक तुकडा सुईने काढून तपासायला पाठवतात. तुकडा माझा होता. एका डॉक्टरांनी दारातून डोकं बाहेर काढून विचारलं, "नातेवाईक कोण आहे?"

आमचे हे उठले. त्यांच्यामागे नामदेवभाऊजी, माझे दीर, उठले. मीही उठू लागले तर भाऊजी म्हणाले, "तुमी बसा वहिनी, आमी पायतो." दार लागलं. मी बसले.

ते बाहेर आले तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला होता. "साधी गाठ हाये," हे म्हणाले. "काढा लागते म्हनते." मग कुठेतरी गेले आणि गिलावड्याची, म्हणजे दह्यात भिजवलेल्या वड्याची, प्लेट घेऊन आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाजारात त्यांनी मला कधी चहासुद्धा पाजला नव्हता. प्लेट माझ्या हातात देऊन ते भिंतीकडे पाहत उभे राहिले. दही माझ्या बोटांवरून ओघळत होतं. गाठ साधी नाही हे मला तिथेच कळलं.

पुढे कधी त्या बाकावर जिला बसावं लागेल, त्या बाईसाठी मी हे लिहून ठेवते आहे. मी चौथीपर्यंत शिकले. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. कागदावर थोडा निघतो.

आमचं गाव अकोल्याहून बाळापूरला जाताना लागतं. आमची झेंडूची आणि शेवंतीची शेती आहे. काखेला टोपलं लावून फुलं तोडताना डाव्या बाजूला काहीतरी रुतायचं. मला वाटलं, टोपल्याची काडी असेल. टोपलं बदललं, तरी रुतायचं. आंघोळीच्या वेळी हात लावून पाहिलं तर छातीत गाठ होती, वाटाण्याएवढी. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं मी धरून चालले. न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते, हे मला फार पुढे समजलं.

ह्यांना सांगितलं तेव्हा दसरा तोंडावर होता. फुलवाल्यांच्या घरी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत कोणी आजारी पडत नाही. ताप आला तर गोळी खायची आणि तोडणीला जायचं. "सिजन झाला की जाऊ," हे म्हणाले आणि मीही हो म्हणाले. सिजन होईपर्यंत वाटाण्याची सुपारी झाली होती. जिच्या घरी फुलं असतील, कापूस असेल, संत्रा असेल, तिने एवढं ऐकावं. गाठीला सिजन कळत नाही.

दिवाळीनंतर अकोल्याला मॅमोग्राफी केली. मॅमोग्राफी म्हणजे छातीचा फोटो. दोन पाट्यांमध्ये दाबून काढतात. दुखतं, पण सोसवतं. भाऊजी अमरावतीला राहतात, म्हणून पुढचं सगळं तिकडे करायचं ठरलं. ठरवताना मी स्वयंपाकघरात होते.

रिपोर्टनंतर मला वार्डात भरती केलं. आमच्याकडे मोठ्या आजाराचं नाव आजाऱ्याला सांगत नाहीत. घरातले पुरुष डॉक्टरांना बाजूला घेऊन हात जोडतात आणि डॉक्टरही मान हलवतात. पण मला सगळं दिसत होतं. सून फोनवर माझ्याशी गोड बोलू लागली. हे माझ्यासाठी संत्री सोलायला लागले, शिरा काढून. आणि एक दिवस परतवाड्याहून माझी नणंद आली, सुमनबाई. वाटणीच्या भांडणापासून तिने आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. तिने वार्डात खाटेवर माझी ओटी भरली. नारळ, खण, हिरव्या बांगड्या.

"काहून भरून राहिल्या ओटी?" मी विचारलं.

"अवो वहिनी, मनात काई ठेवू नका आता. हासत जा," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून बाथरूमकडे पळाली.

मी ओटीतल्या नारळाकडे पाहत बसले. सुमनबाईने भांडण सोडलं, म्हणजे माझं नक्कीच काही खरं नव्हतं.

वार्डात रोज सकाळी मोठ्या मॅडम येत. त्या सर्जन, ऑपरेशन करणाऱ्या. त्यांच्यामागे शिकणाऱ्या मुलामुलींचा घोळका. पडदा अर्धा ओढलेला. कोणीतरी पदर बाजूला करी. एकामागून एक थंड हात लागत. बोलणं सगळं इंग्रजीत. मी वर पंख्याकडे पाहत राही. पंख्याच्या एका पात्यावर जळमट होतं. त्या पंख्याइतकं मी दुसरं काहीच निरखून पाहिलेलं नाही.

त्यातच संप सुरू झाला. दुसऱ्या कुठल्या शहरात एका डॉक्टरला पेशंटच्या माणसांनी ड्युटीवर मारलं होतं. इथले निवासी डॉक्टर आणि शिकणारी मुलं काळ्या फिती लावून खाली मांडवात बसली. अर्जंट तेवढंच चालू. माझं ऑपरेशन पुढे गेलं. वार्डातले लोक शिव्या देत होते. मला डॉक्टरांचा राग येत नव्हता. कोणी मारत असेल तर कामावर कसं यायचं? पण गाठ आपली वाढतच असेल, ही भीती सोडत नव्हती.

संपामुळे गर्दी झाली, तसे एक पुढारी वार्डाच्या भेटीला आले. बरोबर दहा-पंधरा माणसं, केळी, बिस्किटांचे पुडे आणि एक फोटोवाला. पुढाऱ्यांनी माझ्या हातात केळी दिली आणि मान फोटोवाल्याकडे वळवली.

"बाई, पदर काढा जरा तोंडावरचा. इकडे पाहा," फोटोवाला म्हणाला.

मी म्हणाले, "फोटो नको."

माझा आवाज इतका बारीक होता की तो म्हणाला, "काय?"

"फोटो नको काढू. केळी राहू दे."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी फिसकन हसली. एक कार्यकर्ता पुढे आला. "अवो बाई, साहेब कोन हायेत मालूम हाये का?"

"कोनीबी असो," मी म्हणाले. "बिमार मी हावो."

पुढारी पुढच्या खाटेकडे गेले.

दारात स्नेहल उभी होती. डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला शिकणारी, दर्यापूरकडची मुलगी. माझी केस तिला अभ्यासाला दिली होती. खांद्यावर काळी फीत होती. ती खाटेजवळ आली. "मावशी, तुम्ही तर भारीच निघाल्या. पुढाऱ्याला नाही म्हणालात! आम्हाला तर कधीच नाही म्हणत नाही."

"तुमी विचारता कुठं?" मी म्हणाले. "विचारलं तर मानूस नाही म्हनन ना."

ती हसत होती, ती थांबली. उगाच माझा चार्ट उचलला, पुन्हा ठेवला. खिडकीतून खाली मांडवात तिच्या हातात मी एक पाटी पाहिली होती. आमच्या अंगाला हात लावू नका, असं काहीतरी त्यावर लिहिलं होतं. तिलाही बहुतेक तेच आठवलं असावं, कारण तिचे कान लाल झाले.

"सॉरी मावशी," ती म्हणाली.

"ते राहू दे. आता मी विचारतो तुले. मले काय झालं?"

तिने दाराकडे पाहिलं.

"मी मरून राहिली का?"

"मावशी, तुमच्या घरच्यांनी..." ती म्हणाली आणि दर्यापूरची बोली तिच्या तोंडात आली. "मले सांगता येत नाही, मावशी. मी आजून डॉक्टर नाही. पन मी मॅडमले विचारतो. आजच विचारतो."

तिने मला आजाराचं नाव सांगितलं नाही, ते बरं केलं. चोरून सांगितलं असतं तर मलाही चोरूनच माहीत असल्यासारखं राहावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा घोळका नव्हता. फक्त स्नेहल. पडदा पूर्ण ओढला. हे आणि भाऊजी खाटेजवळ होते.

"मॅडम, बाहेर बोलू," भाऊजी म्हणाले.

"नाही. पेशंट स्वतः विचारते आहे. इथेच बोलू." मॅडम स्टूल ओढून बसल्या. आजवर मी त्यांना उभ्याच पाहिलं होतं. "बाई, सगळं सांगू? की काही ठेवू?"

हे एकदम म्हणाले, "मॅडम, हात जोडतो. तिले सांगू नका. माही माय बिमारीचं नाव आयकूनच खचली. जेवनच सोडलं होतं तिनं." ते माझ्यापासून का लपवत होते ते मला तेव्हा कळलं. पण कळलं म्हणून पटलं नाही.

"मी तुमची माय नाही," मी म्हणाले. "मी जेवीन. सांगा मॅडम."

मॅडमनी सांगितलं. ब्रेस्ट कॅन्सर, म्हणजे स्तनाचा कर्करोग. दुसरी स्टेज, म्हणजे काखेतल्या गाठींपर्यंत आला होता, शरीरात दूर कुठे दिसला नव्हता. मॅस्टेक्टॉमी करायची, म्हणजे तो स्तन काढून टाकायचा. मग केमोथेरपी, म्हणजे शिरेतून द्यायचं कडक औषध. केस जातील, उलट्या होतील. "बरं व्हायची आशा चांगली आहे. खात्री मी देत नाही," त्या म्हणाल्या.

मला रडू आलं नाही. राग आला. भाऊजींना माहीत, सुनेला माहीत, सुमनबाईला माहीत. माझ्या छातीची बातमी परतवाड्यापर्यंत पोचली होती आणि ज्या खाटेवर ती छाती होती तिथे अंधार.

भाऊजी म्हणाले, "कापाकापी कायले करता? सुमन सांगून राहिली, तिकडे मेळघाटातला एक जन झाडपाल्याचं औषध देते. महिनाभर पाहू."

ह्यांनी मान खाली घातली. हा महिना माझ्या आयुष्यातून जाणार होता आणि तो देऊन टाकणारे दुसरेच होते.

"दसरा पायला, दिवाळी पायली," मी म्हणाले. "आता काई पाहाचं नाही. काढून टाका मॅडम. सही मी करतो."

भाऊजी म्हणाले, "लय बोलाले लागली तुमची बायको." मी चौथीतल्या गोल अक्षरात नाव लिहिलं. नातेवाइकाचीही सही लागत होती. ती ह्यांनी माझ्या सहीखाली केली.

संप मिटला आणि ऑपरेशन झालं. नंतर बरेच दिवस कुशीत एक नळी होती, खालच्या डबीत लालसर पाणी उतरायचं. डावा हात वर जात नव्हता. भिंतीवर बोटं चढवत चढवत तो वर न्यायचा असतो. रडत केलं, पण केलं. आरशात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सपाट जागा आणि शिवण दिसली. पोत्याची शिवण बरी, असं वाटलं. मग सवय झाली.

केमोने तोंडाची चव गेली, केस गेले. घरात गजरे ओवले जातात आणि माझ्या डोक्यावर एक केस नाही. सून म्हणाली, सासूबाई, घरातच बसा. मी डोक्याला रुमाल बांधून अकोल्याच्या फुलबाजारात गेले. ओळखीची एक बाई म्हणाली, "काय झालं व?"

"कॅन्सर."

"हळू बोल ना बाई."

"काहून हळू? चोरी केली का मी?"

एका केमोच्या दिवशी स्नेहल सलाईनजवळ येऊन बसली. कॉलेजात चालू घडामोडींवर भाषणाची स्पर्धा होती, तिने भाषण लिहून आणलं होतं. संप, पुढाऱ्यांच्या भेटी आणि पेशंटची परवानगी, असं सगळं त्यात होतं. माझं नाव न घालता माझी गोष्ट घालू का, असं तिने आधी विचारलं. मी हो म्हणाले. तिने लिहिलं होतं की आमच्या अंगावर कोणी हात टाकू नये ही आमची मागणी खरी आहे, पण आम्ही रोज सकाळी न विचारता हात लावतो ते आम्हाला दिसत नाही. सरकार सुरक्षा देईल, पण विचारायला शिकवणार नाही. मला ते आवडलं. दोन जागी आवडलं नाही, तेही सांगितलं.

"अशिक्षित रुग्ण लिवलं, ते खोड. चौथी पास लिही."

तिने खोडलं. "आणि दुसरं?"

"तुमचा संप बरोबर होता म्हन, पन माही गाठ संपावर नव्हती हेबी लिही."

तिने पेन कागदावर टेकवलं. मग म्हणाली, "ह्याचं उत्तर नाही माझ्याकडे, मावशी."

"माह्याकडेबी नाही. तरी लिही."

तिने लिहिलं. भाषणाला बक्षीस मिळालं नाही. कोणीतरी सर रागावलेही म्हणे. पण त्यानंतर त्या वार्डात मुलं पडदा पूर्ण ओढू लागली आणि आधी विचारू लागली, निदान तिच्यासोबतची तरी. एकदा एका मुलाने विचारलं तेव्हा मी मुद्दाम नाही म्हणाले. त्याने मान हलवली आणि निघून गेला. एवढंच होतं ते. त्या दिवशी मी पंख्याकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यालाच हो म्हणाले. शिकायचं त्यांनाही आहे.

परवा तपासणी होती. त्याच बाकावर आम्ही दोघं बसलो. एक नवे डॉक्टर दारात आले. "नातेवाईक कोण आहे?"

हे उठले नाहीत. "मी हावो," ते म्हणाले, "पन तिलेच बोलवा. तिची हाये बिमारी."

मी आत गेले. खुर्चीवर बसले. सगळं विचारलं. सध्या काही दिसत नाही, पण काही वर्षं येत राहावं लागेल, असं कळलं. स्नेहल तिथे नव्हती. ती आता दुसऱ्या गावी डॉक्टर आहे. तिचे आणि मॅडमचे उपकार मी मानते. पण आवाज माझा होता, हेही मी मानते.

बाहेर आले तर हे बाकावर होते, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून. बाहेर बसल्यावर कसं वाटतं ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"काय म्हनते?"

मी त्यांना सगळं सांगितलं. आजाराच्या नावासकट, चार लोकांच्या देखत, काही न गाळता. मग आम्ही गिलावडा खायला गेलो. या वेळी दोन प्लेट.