होर्डिंगवरच्या हौसामावशी

हौसामावशी खोटं बोलत नव्हत्या. खोटं मी बोललो होतो.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

तुमच्यापैकी बहुतेकांनी त्यांना पाहिलंय. नारायणगावात, जुन्नरच्या स्टँडजवळ, मंचरला. नळाखाली हंडा धरून हसणाऱ्या बाई. शेजारी हात जोडलेले साहेब. साहेबांचं फेसबुक पेज तेव्हा मी चालवायचो. तो फोटो माझा.

येडगावच्या धरणापासून गाडीवर वीस मिनिटांवर त्यांची वस्ती. नळयोजनेची पाइपलाइन गावापर्यंत आली होती. वस्तीपर्यंत नाही.

पण उद्घाटनाची तारीख ठरलेली. मला फक्त एक "चेहरा" हवा होता.

मावशींच्या दाराशी नळ उभा केला. घरामागे टँकर, टँकरचा पाइप भिंतीआडून नळाला. नवीन साडी आम्हीच नेली होती. शूट झाल्यावर परत घेतली, दुसऱ्या गावात लागणार होती.

पाणी आलं तशा मावशी खरंच हसल्या. अभिनय नव्हता तो. आम्ही अँगल बघत होतो तेवढ्यात त्यांनी दोन हंडे आणि एक बादली भरून घेतली.

"उद्या बी येईल ना, दादा?"

"येणार ना मावशी. म्हणून तर फोटो काढतोय."

खाली ओळ टाकली: "पाणी आलं दारात, सुख आलं घरात! – हौसाबाई."

हे वाक्य त्या कधीच बोलल्या नाहीत. चहा पिताना मला सुचलं.

टँकर गेला. नळ तेवढा राहिला, जमिनीत नुसता रोवलेला.

पुढच्या महिन्यात वस्तीला रोज येणारा सरकारी टँकर बंद झाला. कागदावर वस्तीला पाणी मिळालं होतं ना. बायका मावशींशी बोलेनाशा झाल्या. "तू हासलीस, आन् आमचं पाणी गेलं."

मावशी ग्रामसभेत उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

"माज्या दारात पाणी न्हाई. कवाच नव्हतं."

समोरच्या अधिकाऱ्यानं मोबाइल वर धरला. "मावशी, ह्या तुम्हीच ना?"

"व्हय, मीच हाय."

"मग?"

सगळी सभा हसली.

कुणीतरी व्हिडिओ काढला होता, तो फिरायला लागला. मला साहेबांच्या ऑफिसातून फोन. "नॅरेटिव्ह सांभाळ."

मी सांभाळलं. अर्ध्या तासात. डावीकडे नळाखाली हसणाऱ्या मावशी, उजवीकडे सभेत रडवेल्या मावशी. वर लाल अक्षरात: "काल हसू, आज आसू! पढवणारा कोण?"

जुन्नर, मंचर, दोन्हीकडच्या ग्रुपवर गेलं. लोकांनी स्वतःहून फॉरवर्ड केलं. मावशींच्या सख्ख्या भाच्यानं त्यांना फोन करून विचारलं, "मावशे, कुणी शिकवलं गं तुला?"

चार दिवसांनी त्या एसटीनं नारायणगावला आल्या. माझ्या फोटो स्टुडिओत. पायरीवर चपला काढल्या. मी "बसा" म्हणालो तरी बसल्या नाहीत.

"दादा, तवा तुमी व्हता ना तिथं. टँकर तुमीच आणला व्हता. लोकांना तेवढं सांगा ना. माजं कुणी ऐकत न्हाई."

आवाजात राग नव्हता. त्यांना वाटत होतं, हा माणूस तिथं होता, म्हणजे हा साक्षीदार.

मी म्हणालो, "बघतो, मावशी."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं.

मी काही केलं नाही. संध्याकाळी दुसऱ्या गावातलं शूट होतं.

उन्हाळ्यात ओढ्यापलीकडच्या जुन्या विहिरीवर पाणी आणायला गेल्या आणि पायरीवरून घसरल्या. खुबा मोडला. तीन महिने अंथरुणात होत्या, मग गेल्या.

बातमी एका ग्रुपवर आली. खाली पहिली कमेंट: "दारात नळ असताना म्हातारी विहिरीवर कशाला गेली?"

आमच्या फेक अकाउंटपैकी कुणीतरी लिहिलं असेल म्हणून मी तपासलं.

नाही. खरा माणूस होता. निरगुडसरचा, शाळेत माझ्या बाकावर बसणारा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला मनापासून तसंच वाटत होतं.

त्या दिवशी कळलं, आता हे थांबवायला आम्हीसुद्धा पुरे पडणार नाही.

मी काम सोडलं. कौतुक नको. आठवड्यात माझ्या जागी दुसरा आला. माझ्यापेक्षा हुशार आहे. त्याला टँकरही लागत नाही, कॉम्प्युटरवर पाणी पाडतो.

ही पोस्ट वाचून काय होईल तेही मला माहीत आहे. "ह्याला आता विरोधकांनी उचललाय." हे उत्तर कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलंय तेसुद्धा ठाऊक आहे, मीच लिहिलंय. टँकरचा पाइप दिसतो तो मूळ फोटो माझ्याकडे आहे. टाकला तर एआयनं बनवलाय म्हणतील. एका मित्राला दाखवला. तो म्हणाला, "भारी एडिट केलंय, राव."

तरी लिहितोय. काही बदलेल म्हणून नाही.

आज सकाळी वस्तीवर गेलो होतो. घरात बुद्धवंदना झाली. पाच-सात माणसं होती. खीर वाटली. मावशींच्या लेकीला मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

"मी हे फेसबुकवर लिहू का?" मी म्हणालो.

ती भांडी आवरत होती. आवरून झाल्यावर म्हणाली,

"लिवा. पर माजं नाव नका घालू. मला हितंच पाणी भरायचंय."

नाव घातलेलं नाही.

मावशी, तुम्ही आलात त्या दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं.

जयभीम.