काढून टाकलेलं इंजिन

१२ जानेवारी १९८६, रविवार. काम — अंगणातले ऑइलचे डाग घासून काढणे. सामान — रॉकेल, धुण्याचा सोडा आणि काथ्याचा ब्रश.

तारीख लक्षात राहिली, कारण आदल्याच दिवशी आमच्या लॉरीला डिझेल इंजिन बसून ती घरी आली होती. आता अंगणात तेल गळणार नव्हतं. जुन्या इंजिनाचं मागचं सील कायम गळायचं. गाडी उभी राहायची त्या जागी मी रोज सकाळी लाकडाचा भुसा टाकायचे आणि झाडून काढायचे. लग्न झाल्यापासूनचं काम. ते संपलं म्हणून मी खुशीत होते.

आधीच सांगून टाकते... तुमच्या सदरातले अनुभव मी वाचते आणि निम्म्यांना हसते. आमच्या आळीत कोणाच्या अंगात आलं, तर मी तिला आधी खायला घालते. बहुतेक वेळा तेवढ्याने उतरतं. तेव्हा हे मी का लिहितेय, ते मलाही नीटसं ठाऊक नाही.

आम्ही भांडुपचे, टेकडीच्या बाजूचे. मूळ मालवणकडचे. माझ्या सासऱ्यांनी — मामंजींनी — मोडीत निघालेली एक अमेरिकन पेट्रोल लॉरी घेऊन धंदा सुरू केला. त्यांचे डोळे काचबिंदूने गेले तेव्हा गाडी आमच्या ह्यांच्याकडे आली. मामंजी बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून असायचे. त्यांचा एकच नियम होता. गाडी रस्त्यावर असेपर्यंत रात्रीचं जेवायचं नाही. त्यांचा धाकटा भाऊ गाडीसकट घाटात गेला, त्या वेळी मामंजी घरी ताटावर बसले होते. हातातला घास त्यांनी तसाच खाली ठेवला होता, असं सासूबाई सांगायच्या. तेव्हापासूनचा हा नियम.

रोज संध्याकाळी ते कान देऊन बसायचे. गाडी रेशनच्या दुकानापाशी चढणीला लागली, की इंजिन एकदा अडखळायचं, फट् करायचं, मग घुमत वर यायचं. मामंजी लगेच आत ओरडायचे, "इली गो गाडी. वाढ."

पण ती गाडी पेट्रोल इतकं प्यायची, की फेऱ्या करून हातात काही उरायचं नाही. घाटात भरलेली गाडी माणसाच्या चालीने चढायची. कुर्ल्याचा आमचा मेकॅनिक उस्मानभाई म्हणायचा, "भाभी, ये इंजिन नहीं, हाथी पाला है आपने. जितना पिलाओ, उतना कम." शेवटी मीच ह्यांच्यामागे लागले. डिझेल इंजिन आणलं, त्याच्या वजनासाठी पुढचे स्प्रिंगचे पाटे जाड करून घेतले, आरसी बुकात नोंद केली. पहिल्या फेरीला हे कसाऱ्याचा घाट चढून आले ते हसतच.

"अगं, भरलेली गाडी, आणि तिसऱ्या गिअरमध्ये! मागचे हॉर्न देत होते ना रोज, आज मी दिले."

निर्णय बरोबर होता. आजही मला तसंच वाटतं.

पण डिझेलचा आवाज वेगळा... डगडग डगडग. त्या संध्याकाळी गाडी अंगणात येऊन बंद झाली, तरी मामंजी कान देऊन बसूनच.

"मामंजी, पान वाढलंय."

"गाडी खंय इली अजून?"

ह्यांनी त्यांचा हात धरला. "बाबा, मी आलो ना. हा बघा मी."

"तू इलंस. पण गाडी खंय आसा?"

ह्यांनी त्यांना धरून अंगणात नेलं. मामंजींनी बॉनेट चाचपलं, दिवे चाचपले, मडगार्डवरचा जुना पोचा बोटाने शोधून काढला. मग हात मागे घेतला.

"पत्रो आपलोच. पण आतलो माणूस दुसरो."

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी थोडी पेज घ्यायचे, तीही मी रागावले की. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. मी समजावलं, ओरडले, एकदा तर ताट आपटलं. ते शांतपणे म्हणायचे, "तू जेव गो. माझी गाडी येवची आसा." अंगावरचा सदरा दर आठवड्याला मोठा दिसायला लागला.

एक दिवस हे बाहेर पायरीवर बसून रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते. "जुनंच बसवतो परत. धंदा गेला चुलीत."

"आधी इंजिन आहे का बघू, मग धंदा चुलीत घाला," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कुर्ल्याला गेले.

उस्मानभाई हात पुसत उठला. मला मागच्या भंगारवाल्याकडे घेऊन गेला. आमच्या इंजिनाचा ब्लॉक घणाने फोडून ढिगावर टाकला होता, भट्टीत जायला. त्याच्या एका तुकड्यावर पितळेचं ठिगळ होतं — मामंजींनी स्वतः मारलेलं. मी ओळखलं. हे मुद्दाम सांगतेय. ते इंजिन मी माझ्या डोळ्यांनी फुटलेलं पाहिलं.

होळीच्या थोडं आधीची गोष्ट. हे आदल्या दिवशीच गाडी घेऊन नाशिकला गेले होते, परतायचे होते दुसऱ्या दिवशी दुपारी. संध्याकाळी, अजून उजेड होता, मी कुळथाची पिठी ढवळत होते. आणि चढणीवर इंजिन अडखळलं. फट्. मग घुमत वर आलं. अंगणात शिरलं, जरा वेळ तसंच चालू राहिलं, शेवटचा धक्का खाऊन बंद पडलं.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा — हे आजच कसे आले, भात कमी पडणार.

"इली गो गाडी!" बाहेरून मामंजींचा आवाज. कितीतरी दिवसांनी असा मोठा. "वाढ आता."

मी पळी हातात घेऊनच दारात गेले. अंगण रिकामं होतं. कुंपणापलीकडून शेजारच्या राणेकाकू कपडे काढता काढता म्हणाल्या, "काय गं, आज उजेडातच आली का तुमची गाडी?" मान वर न करताच.

मी तशीच वळले. आत आले आणि पान वाढलं. भात, पिठी, सुक्या जवळ्याची चटणी. मामंजी जेवले. पुन्हा भात मागितला. बोटं चाटून जेवले.

"इंजिन तापला हा," हात धुताना म्हणाले. "तेका सांग, पाणी बघ म्हणान."

"सांगते."

"चुलतो पण इलो तेचो?"

त्यांच्या भावाबद्दल विचारत होते. "आले," मी म्हटलं. "सगळे आले. झोपा आता."

आता तुम्ही म्हणाल, दुसरी कुठली तरी लॉरी असेल, आवाज टेकडीवर आपटून आला असेल. मीही तेच म्हणाले असते. ह्यांना विचारलं, तर गाडी त्या वेळी नाशिकला माल भरत होती. तसल्या जुन्या पेट्रोल लॉऱ्या आमच्या बाजूला उरल्याच नव्हत्या. त्या आवाजाचा अर्थ मला आजवर लागलेला नाही, आणि लागेल असं वाटतही नाही.

सकाळी चहा घेऊन गेले, तर मामंजी गेलेले होते. कुशीवर, हात उशाखाली. चेहरा भरलेला दिसत होता, जेवून झोपलेल्या माणसाचा असतो तसा. मी राणेकाकूंना हाक मारली, त्यांच्या मुलाला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोन करायला पाठवलं. खोलीतलं सामान हलवून जागा केली. मग माणसं बसायला सतरंजी टाकावी म्हणून अंगणात आले.

मी घासून काढलेल्या जागेवर तेल होतं. काळं, ओलं, हाताच्या पंजाएवढं. नवीन इंजिन थेंबभर गळत नव्हतं, आणि गाडी तर घरी नव्हतीच. मी वाकून बोट लावलं, वास घेतला.

माणसं यायला लागली होती. मी पडवीतून भुशाचं पोतं काढलं, मूठभर भुसा त्याच्यावर टाकला, आणि रोजच्यासारखं झाडून काढलं.