बाहेरून लागलेली कडी

बदलापूर पश्चिमेला आमच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर दोनच घरं आहेत, समोरासमोर. एक आमचं आणि दुसरं आंटींचं. आंटी सिंधी. नवरा गेल्यावर उल्हासनगरचं जुनं घर विकून त्या इथे एकट्या राहायला आल्या. मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली. माझ्या आईच्या वयाच्या, अंगाने किरकोळ, पण आवाज असा की त्या फोनवर मुलीशी बोलायला लागल्या की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. दर गुरुवारी दुपारी जेवण करून त्या उल्हासनगरला सत्संगाला जायच्या आणि दिवेलागणीच्या सुमारास परत यायच्या.

त्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. शाळेच्या ऑफिसातून मी रजा घेतली होती आणि दिवसभर वॉकर धरून घरातल्या घरात फिरत होते. नवऱ्याची नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत. प्लँटमध्ये मोबाइल चालत नाही, तो बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सकाळी ते गेले की दुपारचं घर माझ्या एकटीचं.

तो गुरुवारच होता. मी हॉलमध्ये बसून मेथी निवडत होते. बाहेरून ठकठक ऐकू आली, मग काहीतरी कुरकुरल्यासारखं. मी लक्ष दिलं नाही. नवी बिल्डिंग, कुणाकडे ना कुणाकडे फर्निचरचं काम चालूच असतं. मग थोड्या वेळाने घंटा वाजली. आंटींच्या देवघरातली छोटी पितळी घंटा. रोज सकाळी त्यांच्या पूजेच्या वेळी ती मी ऐकायचे. आता मात्र ती पूजेसारखी वाजली नाही. धक्का लागून पडावी तशी एकदाच खणखणली आणि गप्प झाली.

आंटी तर सत्संगाला गेलेल्या. मी मेथीची जुडी तशीच हातात धरून बसले. मग वाटलं, बरं नसेल म्हणून गेल्या नसतील, चक्कर येऊन पडल्या असतील. वॉकर टेकत टेकत दाराशी गेले आणि दारातल्या भिंगातून बाहेर पाहिलं. काळोख. आमच्या जिन्याला मोठी खिडकी आहे, दुपारी तिथे लख्ख उजेड असतो. मी डोळा चोळून परत पाहिलं. तेव्हा कळलं की बाहेरून कुणीतरी भिंगावर काहीतरी चिकटवलंय.

हे कळूनही माझा हात लॅचकडे गेला. लॅच फिरलं. दार केसभर आत आलं आणि अडलं. बाहेरची कडी खळ्ळकन वाजली.

समोरच्या घरातले आवाज एकदम थांबले. ती शांतता मला आजही आठवते. नंतर कुणीतरी चपला न वाजवता चालत आलं आणि आमच्या दाराला अगदी लागून उभं राहिलं. मला त्याचा श्वास ऐकू आला असं मी पुढे सगळ्यांना सांगायचे. खरंच ऐकू आला की तो माझाच होता, माहीत नाही.

"काकी, आत बसा," तो म्हणाला. "तुम्हाला काही करणार नाही. आवाज नको."

शिवी नाही, दरडावणं नाही. घरातलं माणूस समजावतं तसा हळू, साधा मराठी आवाज. तो ओरडला असता तर कदाचित मीही ओरडले असते. मी मागे सरले. बाहेरून त्यांनी मला कोंडलं होतं आणि आतून मी हाताला लागेल ती वरची कडी, खालची कडी, साखळी, सगळं लावून घेतलं.

नवऱ्याला फोन लावला. वाजत राहिला. लॉकरमध्ये वाजत असणार. वॉचमनला लावला, त्यानेही उचलला नाही. मग पोलिसांना लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे पत्ता विचारला आणि मला आमच्या बिल्डिंगचं नाव आठवेना. राहतेय तिथेच. जवळच्या मेडिकलचं सांगितलं, पाण्याच्या टाकीचं सांगितलं, तोंडावर हात धरून कुजबुजत. त्या म्हणाल्या, गाडी पाठवतो, दार उघडू नका. दार उघडायला काय राहिलं होतं?

आमच्या स्वयंपाकघराला लागून छोटी बाल्कनी आहे, भांडी घासायची. तिला लोखंडी ग्रिल. तिथे जाऊन खाली पाहिलं, कुणी दिसतंय का. खाली पाण्याचा टँकर उभा होता. त्याची मोटर धडधडत होती आणि वॉचमन पाइप धरून टाकीपाशी उभा होता. म्हणून फोन उचलला नव्हता. हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. स्वप्नात होतं तसं.

तेवढ्यात गेटपाशी रिक्षा थांबली आणि आंटी उतरल्या.

त्या दिवशी त्यांना बरं वाटत नव्हतं, सत्संग अर्धा सोडून आल्या होत्या, हे नंतर कळलं. मला वरून नुसत्या त्या दिसल्या, पांढरा दुपट्टा, हातात प्रसादाची पिशवी. रिक्षावाल्याशी काहीतरी बोलत होत्या. आता त्या लिफ्टने वर येणार. लिफ्टचं दार उघडणार आणि त्या चोरांसमोर उभ्या राहणार. मी त्यांचा नंबर लावला. त्यांचा मोबाइल पर्समध्ये, पर्स काखेत. वाजतोय हे त्यांना कळलंसुद्धा नाही.

मग मात्र आवाज फुटला. "आंटी!" म्हणून मी ओरडले. टँकरच्या मोटरपुढे ते कुठे पोचणार? खाली कुणी वर पाहिलं नाही. पण घरातून तो आवाज दारापर्यंत नक्की गेला असणार, आवाज नको म्हणून बजावणाऱ्यापर्यंत. आंटी गेटमधून आत आल्या.

बाजूच्या रॅकवर सकाळी घासलेली भांडी निथळत होती. मी एक स्टीलची ताटली उचलली, ग्रिलच्या गजांमधून आडवी घातली आणि सोडून दिली. ती कंपाउंडच्या लादीवर आपटली, पण मोटरच्या आवाजात तेही बुडालं. दुसरी टाकली. तिसरी मी नुसती सोडली नाही, हात बाहेर काढून फेकली, आणि ती टँकरच्या केबिनवर जाऊन आदळली. ड्रायव्हर खाली उतरला, वर बघत शिव्या घालायला लागला आणि त्याने मोटर बंद केली.

एकदम शांत झालं. त्या शांततेत मी ओरडले, "आंटी, वर येऊ नका! चोर आहेत! तुमच्या घरात चोर आहेत!"

तो आवाज मला माझा वाटला नाही.

वॉचमनने पाइप टाकला, आंटींचा दंड धरला आणि त्यांना ओढत गेटजवळच्या आपल्या केबिनमध्ये नेलं. तेवढं मी पाहिलं आणि त्याच क्षणी माझ्या मागे, दारावर, जोरात लाथ बसली. चौकट हादरली. वरून गिलाव्याचा पोपडा पडला. आता दार तुटणार म्हणून मी फ्रीज आणि भिंतीमधल्या फटीत शिरले, वॉकर समोर आडवा धरून. दुसरी लाथ आलीच नाही. जिन्यावरून धाडधाड उतरणारे पाय ऐकू आले आणि मग खालून आरडाओरडा.

दोघं होते. पार्किंगमधून मागच्या भिंतीवर चढून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये उतरले. तिथे त्यांची मोटरसायकल लावलेली होती. कुणी त्यांच्या आडवं गेलं नाही आणि मी त्याबद्दल कुणाला बोल लावत नाही. त्यांच्या हातात कटावणी होती.

माणसं वर आली, आमच्या दाराची कडी काढली आणि मला दार उघडायला सांगू लागली. सोसायटीच्या सेक्रेटरींचा आवाज मी ओळखत होते, तरी मी उघडेना. आंटींना बोलायला सांगा, मी म्हणाले. मग आंटी दाराशी आल्या.

"बेटा, मैं हूँ," त्या म्हणाल्या. "खोल. चले गए वो."

दार उघडल्यावर पहिल्यांदा मी भिंगावर पाहिलं. वायरला गुंडाळतात त्या काळ्या टेपचा तुकडा होता, नीट कापलेला. घाईघाईने फाडलेला नव्हे. आधीच कापून खिशात आणलेला.

आंटींच्या दाराचा कोयंडा उपटून लोंबत होता. आत कपाट उघडं, कपडे बाहेर, आणि स्वयंपाकघरात पीठच पीठ. डब्यात दागिने लपवतात म्हणून चोर पिठाचे डबे उपडे करतात, हे पोलिसांनी सांगितलं. आंटींच्या बांगड्या गेल्या होत्या आणि मुलीसाठी जपून ठेवलेला सेट. त्या रडल्या नाहीत. पिठातून चालत देवघराशी गेल्या आणि आडवे झालेले फोटो एकेक करून उभे केले. मग तिथेच जमिनीवर बसल्या.

नंतरचे महिने कसे गेले, ते मला कुणाला नीट सांगता आलेलं नाही. बाहेरची कडी नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी कापून टाकायला लावली. मग लोखंडी सेफ्टी डोअर आलं, कॅमेरा आला. माझी भीती मात्र त्या आवाजाची होती. मला काकी कोण म्हणतं? दूधवाला म्हणतो, भाजीवाला म्हणतो, पार्सल घेऊन येणारा म्हणतो, शाळेतले शिपाई म्हणतात. नवरा समजावून सांगायचा की आतून बाईची चाहूल लागली तर कुणीही काकीच म्हणेल. मी तोंडाने हो म्हणायचे. पण आत बाई आहे हे त्याला चाहुलीवरून कळलं असेल, मग ती काकी आहे आणि ताई नाही, हे कशावरून?

आंघोळ मी नवरा घरी असतानाच करायला लागले. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की हातातलं काम थांबायचं. नवऱ्यालाही आधी बोलायला लावून मग दार उघडायचे. एकदा सर्दीने त्यांचा घसा बसला होता, तर बिचारे भिजलेली छत्री घेऊन लॉबीत ताटकळत राहिले आणि आतून मी त्यांना सासूबाईंचं माहेर विचारत होते. ते हसले नाहीत, मीही नाही. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी लॉबीत चालायला सांगितलं होतं. मी दाराबाहेर पाऊल टाकलं नाही आणि गुडघा आखडत गेला.

माझं माहेर जवळच्याच चामटोली गावातलं. भाऊ बघायला आला, भाताचं पोतं घेऊन. घरातली कुलपं एकेक करून पाहिली. जाताना म्हणाला, "चल घरी, चार दिस ऱ्हा." मी गेले. तिथे दिवसा दार उघडंच असतं. पहिल्याच दुपारी मी वहिनीला न विचारता ते लावून घेतलं. शेजारची म्हातारी विचारायला आली, कुणाला काय झालं का म्हणून. चार दिवसांचे दोनच करून मी परत आले.

आंटीही भावाकडे उल्हासनगरला गेल्या होत्या. त्या आता परत येत नाहीत, घर विकतील, असं सगळे म्हणत होते. एक दिवस समोर खुडबुड ऐकू आली. मी कॅमेऱ्यात पाहिलं तर आंटी स्वतः, सुताराला उभं करून नवीन दार बसवून घेत होत्या. मी दारातूनच विचारलं, भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, "लगता है ना. पर वहाँ भी दरवाज़ा ही है. रात को वहाँ भी उसीको देखती थी."

दोघं पकडले गेले ते अंबरनाथला, दुसऱ्याच एका घरफोडीत. पोलिसांनी आम्हाला बोलावून फोटो दाखवले. एकाला मी ओळखलं नाही. दुसऱ्याला पाहिल्याबरोबर ओळखलं. खिडक्यांना मच्छरजाळ्या बसवायला आलेला माणूस. माझं ऑपरेशन झाल्यावर थोड्याच दिवसांनी त्याने आमच्या मजल्यावर काम केलं होतं. जाळीचं माप घ्यायला खिडकीशी जाताना त्याने माझा वॉकर स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवला होता, अगदी जपून. मी त्याला चहा दिला होता. आंटींनी त्याला सांगितलं होतं, गुरुवारी येऊ नको, मी दुपारी घरी नसते.

लोक म्हणाले, चला, सुटलात. आंटींचा सेट मिळाला, बांगड्या मिळाल्या नाहीत. मला मात्र त्या रात्री आधीपेक्षा जास्त भीती वाटली. इतके दिवस तो आवाज कुणाचाच नव्हता. आता त्याला चेहरा होता, आणि तो चेहरा वाईट नव्हता. मला पळता येणार नाही हे त्याला माहीत होतं. म्हणूनच तो इतक्या शांतपणे बोलला होता.

हे मी आंटींना सांगितलं, तेव्हा त्या उठल्या. मग मला म्हणाल्या, चल, बाहेर चाल. माझा दंड धरून त्यांनी मला लॉबीत नेलं. दोन्ही दारं उघडी ठेवून आम्ही त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत आलो आणि परत गेलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. आता कुणाही कामवाल्याला आत घ्यायचं तर आम्ही एकमेकींना फोन करतो, आणि दोघी असल्याशिवाय दार उघडत नाही. कोण कधी घरी नसतं, हे दारात उभं राहून बोलत नाही.

मागच्या आठवड्यात आंटी मुलीकडे गेल्या. जाताना घराची किल्ली माझ्या हातात दिली, तुळशीला पाणी घालायला. नवरा म्हणाला, संध्याकाळी मी आलो की दोघं जाऊ. पण दुपारी ऊन कडक होतं आणि त्यांच्या बाल्कनीतली तुळस कोमेजलेली आमच्या ग्रिलमधून दिसत होती. मी किल्ली घेतली आणि गेले. कुलूप उघडून आधी दारातच उभी राहिले. मग प्रत्येक खोलीच्या दारामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, बाथरूमचा दिवा लावून पाहिला. पाणी घालत असताना लिफ्ट वर येताना ऐकू आली आणि तांब्या हातात धरून मी थांबले. ती पाचव्यावर गेली. उरलेलं पाणी घातलं, दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि दोनदा हिसका देऊन पाहिलं. उद्या परत जायचं आहे.