हम्मूच्या बसचा प्रश्न

साफी शहरातल्या मुलींच्या शाळेत बतूल झरवाली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. शाळेत तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसे. पण फुकट मिळणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या फोरमवर तिच्या शब्दाला वजन होतं. तिथे येणारे कोणते प्रश्न ठेवायचे आणि कोणते बंद करायचे, हे ठरवणाऱ्या चौघांपैकी ती एक होती.

हे वजन तिला आयतं मिळालेलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तिने तिथे पहिला प्रश्न विचारला, तेव्हा फोरम सुरू करणाऱ्या सी इद्रिसने, म्हणजे इद्रिससाहेबांनी, फेज शहरातून पाच मिनिटांत 'इथला विषय नाही' असं लिहून तो बंद केला होता. बतूलला ते फार लागलं. पंधरा दिवस खपून तिने स्वतःच उत्तर काढलं आणि मग दुसऱ्यांना उत्तरं द्यायला लागली ती लागलीच.

यंदा रमजान लागला, दर रमजानात जातात तशी देशातली घड्याळं एक तास मागे गेली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी अडीचला झागोराकडच्या एका बसस्थानकावरून प्रश्न आला. विचारणारा हम्मू, तिकीट खिडकीवरचा कारकून. 'तीनची बस समोर उभी आहे आणि कॉम्प्युटर म्हणतो साडेतीन वाजले, बस गेली. तिकीट छापत नाही. माणसांना इफ्तारला घरी जायचंय, माझ्यावर ओरडताहेत. हे इमामांना विचारू की तुम्हाला?'

चौघांतल्या इद्रिसखेरीज बाकी दोघांनी लगेच 'बंद करा' असं मत दिलं. इद्रिसने खाली लिहिलं, "बसवाल्यांना विचार म्हणावं. आज बसचा प्रश्न ठेवला तर उद्या इफ्तारच्या हरीरा सूपमध्ये पीठ किती घालायचं तेही विचारतील."

बतूलने मत दिलंच नाही. तिने हम्मूला विचारलं, "घड्याळ हाताने मागे करून पाहिलंस का?"

"सकाळपासून चारदा केलं, लल्ला," त्याने 'बाईसाहेब' या अर्थी आदराने लिहिलं. "थोड्या वेळाने आपोआप पुढे पळतं."

आपोआप पळतं म्हणजे दोष बसचाही नाही आणि घड्याळाचाही नाही, मशीन इंटरनेटवरून दुसऱ्याच कुठल्या शहराची वेळ घेतंय, हे तिला कळलं. "सेटिंगमध्ये शहर कुठलं निवडलंय ते बघ."

हम्मूने सेटिंग उघडलं. मग उत्तर आलं, "अल्जिअर्स."

बतूलला हसू फुटलं. सगळं तिच्या लक्षात आलं. शेजारच्या देशातल्या अल्जिअर्सची वेळ एरवी वर्षभर आपल्याशी जुळते, फक्त रमजानात तिथली घड्याळं मागे जात नाहीत. कधीतरी कुणीतरी घाईत ते शहर निवडून मोकळं झालं होतं. तिने आधी सहकाऱ्यांना लिहिलं, "प्रश्न आपलाच आहे. बंद करायचा असेल तर आधी माझं नाव यादीतून काढा." मग हम्मूला शहर बदलून आपल्याच देशातलं कॅसाब्लांका करायला, वेळेची माहिती अपडेट करायला आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करायला एकेक करून सांगितलं.

पावणेतीनला हम्मूचा निरोप आला, "छापतंय." पाठोपाठ फोटो: खिडकीसमोर रांग आणि ड्रायव्हर दारात कंबरेवर हात ठेवून वाट बघतोय. तीनची बस तीन वाजून सहा मिनिटांनी भरून निघाली.

संध्याकाळपर्यंत त्या उत्तराखाली अकरा जणांनी लिहिलं. एक औषधाचं दुकान, एक दवाखाना, ताझेनाख्तची एक शाळा. सगळ्यांची मशिनं अल्जिअर्सच्या वेळेवर चालत होती आणि सगळ्यांना वाटलं होतं की हा प्रश्न फोरमचा नाही.

इफ्तारनंतर इद्रिसचा फोन आला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

"लल्ला बतूल, हरीरा झाला का?"

"झाला, सी इद्रिस. पीठ बरोबर पडलं होतं."

तो खळखळून हसला, मग गंभीर झाला. "मी दुपारी चुकलो. नियम बदलायला हवा. तू लिही, मी लावतो."

तिने तो फोनवरच सांगितला: विचारणाऱ्याला निदान एक प्रश्न विचारल्याशिवाय कुणाचाही प्रश्न बंद करायचा नाही. इद्रिसने शब्दही न बदलता तो सगळ्यात वर लावला.

दुसऱ्या दिवशी शाळा लवकर सुटल्यावर बतूलने बंद केलेल्या जुन्या प्रश्नांची यादी उघडली. वरचाच प्रश्न तेतुआनच्या एका विणकर बाईचा होता. तिच्या कॉम्प्युटरवरून नक्षीचा नमुना उलटा छापला जात होता. बतूलने तो पुन्हा खुला केला आणि खाली लिहिलं, "कधीपासून होतंय?"