इग्नासचा रुंद टायर आणि जुलियानाचा गोवा

चर्चच्या रजिस्टरात तो इग्नेशियस. आळीत सगळ्यांचा इग्नास. वीज मंडळात लाईनमन होता. चौतीस वर्षं खांबांवर काढली, आणि खांबावर नसेल तेव्हा स्कूटरवर. त्या स्कूटरच्या मागे, दोन्ही पाय डावीकडे सोडून, पदर खोचून, जुलियाना. बाजाराला तशीच, चर्चमध्ये मिस्साला तशीच. पहिल्या बाळंतपणाला इस्पितळातही तशीच गेली, असं ग्रेसी सांगते. ग्रेसी म्हणजे जुलियानाची शेजारीण आणि माझं रोजचं वर्तमानपत्र.

लग्नाच्या पहिल्या वर्षी इग्नास बोलून गेला होता, "तुला मागे बसवून गोव्याला नेईन." मग पोरांच्या शाळा आल्या, घराचं छप्पर आलं, म्हातारीचं आजारपण आलं. गोवा दर वर्षी एक वर्ष पुढे सरकत गेला. जुलियानाचं माहेर तीन आळ्या सोडून, मुंबईच्या पलीकडे तिने काही पाहिलेलं नाही. पण कधी कुरकुर नाही. फक्त गोव्याहून कुणी आलं की त्याला बसवून घ्यायची, चहा द्यायची आणि विचारायची, "रस्ता कसा आहे हो?" लोक चर्चची, समुद्राची वर्णनं करायचे. तिला रस्ताच ऐकायचा असायचा.

रिटायर झाल्यावर इग्नासने सांगितल्याप्रमाणे केलं. मोठी टूरिंगची बाईक आणली. समोर काच, दोन्ही बाजूंना पेट्या. डाव्या अंगाला साडीगार्ड आणि त्याखाली पाय ठेवायला पट्टी, ती त्याने मुद्दाम रुंद घेतली. दिवस ठरला, नाताळचे पाहुणे गेले की जानेवारीत निघायचं. जुलियानाने सीटवर घालायला गादी शिवली. ती आळीभर दाखवून झाली.

आता माझं पाप सांगतो.

रविवारी मिस्सा सुटल्यावर आम्ही चारसहा म्हातारे गेटजवळ चहा पीत होतो. इग्नास बाईक घेऊन आला. मला राहवलं नाही. म्हटलं, "काय रे इग्नास, पुढून बैल आणि मागून बकरी? मागचा टायर सायकलचा लावून दिला काय तुला?"

सगळे हसले. जॅक्सन तर कप सांडेपर्यंत. इग्नासही हसला, पण जाताना दोनदा वळून टायरकडे बघितलं त्याने. तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं. पुढच्या रविवारी पुन्हा म्हटलं, "बकरी आली रे!"

तिसऱ्या दिवशी तो एव्हरशाईन नगरात मयूरच्या गॅरेजात. मयूर पोरगा हुशार, हात चांगला, पण नाही म्हणायला शिकलेला नाही.

"काका, एकशे वीसचा काढून एकशे चाळीसचा रुंद टायर टाकू. मागून बघणारा बघतच राहील."

"रिम तीच?"

"चालून जातं काका."

टायर चढला. चढला तर चेनच्या कव्हरला घासायला लागला. मयूरने कव्हर बाहेर सरकवलं, ते साडीगार्डाला भिडलं. मग गार्डच काढला. गार्डाबरोबर पायाची पट्टीही गेली, ती त्यालाच जोडलेली. इग्नास तिथेच उभा होता, पण बघत होता टायरकडे.

घरी आल्यावर जुलियाना बाईकभोवती एक फेरी मारून आली.

"अहो, पाय कुठं ठेवू?"

इग्नासने म्हणे तेव्हा कुठे खाली बघितलं.

सुनेने, रोवेनाने, आपला पंजाबी ड्रेस दिला. "मम्मी, दोन्हीकडे पाय टाकून बसा, हल्ली सगळ्या बसतात." जुलियानाने जन्मात पहिल्यांदा तो घातला, अंगणात आली, एक पाय उचलला. कंबरेने ऐकलंच नाही. पाय सीटपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. खालून रोवेना धरतेय, वरून इग्नास ओढतोय. कुंपणाआड ग्रेसी. मग जुलियाना हसत सुटली आणि आत जाऊन साडी नेसून आली.

ही गोष्ट ग्रेसीने मला सांगितली आणि मी ती वाढवून चहावर सांगितली. वर जोडलं, "इग्नासने बायकोची जागा टायरला दिली!" चार दिवसांत ते फिरून जुलियानाच्या कानावर गेलं. त्यानंतर ती त्या गाडीजवळ गेली नाही.

इग्नासने लगेच जुना टायर लावायला हवा होता. पण मयूरच्या बाईकवाल्या ग्रुपमधल्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. "काका, तुमचीच गाडी एक नंबर, चला आमच्याबरोबर." तो म्हणाला, "ह्या खेपेला मी रस्ता बघून येतो, मग गार्ड बसवून तुला नेतो." जुलियाना म्हणाली, "या जाऊन." डबा भरून दिला.

तो निघाला. मागच्या सीटवर बॅग बांधलेली. कोकणातल्या पहिल्याच घाटात गाडी वळेना. बारीक रिमवर जाड टायर, गाडी कलती करावी तर सरळ पळायला बघे. एका वळणावर पार पलीकडच्या बाजूला गेला, समोरून ट्रक. थोडक्यात वाचला. ग्रुप पुढे गेला, इग्नास घाटाखालच्या हॉटेलात दोन तास बसून माघारी फिरला.

मला म्हणाला, "आधी वाटलं, मागे ती नव्हती ते बरं झालं. मग वाटलं, ती बसणार असती तर हा टायर असता का?"

 

आल्या आल्या मयूरकडे. एकशे वीसचा नवा टायर, गार्ड, पट्टी. गॅरेजात सामान यायला, सगळं बसवायला पंधरा दिवस गेले. तेवढ्यात पॅरिशची, म्हणजे आमच्या चर्चची, बस गोव्याला निघाली. ग्रेसीने आपलं नाव दिलं आणि सहज विचारलं, "येतेस?" जुलियाना म्हणाली, "येते." चार दिवसांत जाऊन आली. काजू आणले, सगळ्यांना वाटले. मलाही दिले.

संध्याकाळी इग्नासने गाडी अंगणात आणली. पट्टी पुसून चकचकीत केलेली. "फेब्रुवारीत जाऊ," म्हणाला.

"कुठं?"

"गोव्याला!"

"अहो, मी जाऊन आले की."

"पण माझ्याबरोबर कुठं?"

जुलियाना त्यावर शांतपणे म्हणाली, "तुमच्याबरोबर जायचं म्हणून तर छत्तीस वर्षं थांबले होते." आणि वाळलेले कपडे काढायला दोरीकडे गेली. ना राग, ना टोमणा. ग्रेसी म्हणते, चिडली असती तर बरं झालं असतं.

नंतरच्या शुक्रवारी ती पिशवी घेऊन गाडीशी आली. "पाचूबंदरला सोडा, बोंबील घ्यायचेत." बसली, पाय पट्टीवर ठेवले. इग्नासने सरळ बंदर गाठायचं सोडून गाडी भुईगावच्या बाजूने, बागांमधून, समुद्राकडून अशी भलतीकडून फिरवली. हळू, वळणावळणाने. ती मागे बसून रस्ता बघत होती. पोचले तेव्हा मासळीचा लिलाव आटपला होता, कोळणी टोपल्या धूत होत्या.

जुलियाना उतरली, रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली.

"आता काय?" इग्नासने विचारलं.

"आता काय," ती म्हणाली, "घरी चला. जवळच्या रस्त्याने."