न सांगितलेलं ऑपरेशन

बाबा लघवी तपासायला द्यायला गेले होते, तेवढ्यात नागपूरच्या डॉक्टरांनी मला दोन वाटा सांगितल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात पोचला होता. तो पुरुषी हार्मोनवर पोसतो, म्हणून ते बंद करायचं. एक तर दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, जन्मभर. नाहीतर एकदाच छोटं ऑपरेशन, दोन्ही अंडकोष काढून टाकायचे. उपयोग सारखाच. "पण उशीर नको, मणका दबला तर पाय जातील. वडिलांशी बोलून ठरवा," ते म्हणाले.

इंजेक्शन म्हटलं की मला गावचा नाला दिसायचा. आमचं गाव एटापल्लीच्याही आत. पावसाळ्यात नाल्यावर पाणी चढलं की चार-चार दिवस बाहेर पडता येत नाही. आणि बाबा म्हणजे जरा बरं वाटलं की गोळ्या कोनाड्यात ठेवून धानाच्या बांधीत उतरणारा माणूस. ते नेमाने सुई घ्यायला येतील? छे! म्हणजे ऑपरेशनच. पण ते सांगायचं कुणी?

मी सिंदेवाहीला शाळेत विज्ञान शिकवते. प्रजननसंस्थेचा धडा आला की मागच्या बाकावरची पोरं खिदळतात, त्यांना उभं करून मी त्याच धड्यावरचे प्रश्न विचारते. एवढी मी धीट. बाबांसमोर मात्र दातखीळ बसली. कारण गावात गोऱ्हे खच्ची करायला बोलावत ते बाबांनाच. गोऱ्हा पाडून त्याचे पाय बांधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. 'खच्ची' हा शब्द आमच्या अंगणात रोजचा, आणि पारावर तोच शिवीसारखा. तो ऐकून बाबा उठले आणि बस धरून गावी निघून गेले तर? मग एक दिवस पाय उचलणारच नाहीत. या भीतीने मी चक्क खोटं बोलले. "गाठ काढतात," म्हटलं. मणक्याचं तर नावच काढलं नाही.

"बरं," ते म्हणाले. मला वाटलं, सुटले. शहाणी मी!

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सने संमतीचा फॉर्म दिला. सही जिथे करायची तिथे मी बोट ठेवलं. पण बाबा कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नाहीत, आणि वाचतात ते मोठ्याने, अक्षर लावत. बाकड्यावरचे सगळे ऐकत होते. "दो-न्ही... अं-ड..." तिथे आवाज थांबला.

"हे तं खच्ची करनं झालं," ते हळूच म्हणाले.

"हो, बाबा."

"तुले मालूम होतं?"

मग मी सगळंच ओकून टाकलं. मणका, पाय, इंजेक्शन, सगळं. मध्येच रडू फुटलं. "तुमी नाई म्हनसान म्हून भेव वाटलं मले."

"गोऱ्ह्याले कोनी इचारत नाई," ते म्हणाले. "मले तं इचाराचं होतं."

त्यांनी फॉर्म पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, या वेळी मनातल्या मनात, ओळीवर बोट फिरवत. 'दोन्ही'पाशी बोट अडायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे जायचं. बाबांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून मी अधिकच घाबरले. इंजेक्शन घ्यायचं का, असं मी विचारलं, आणि या वेळी खरंच विचारलं. सुई चुकली तर काय होईल, ऑपरेशननंतर अंगात ताकद राहील का, आजार पुरता जाईल का, ते एकेक विचारत गेले. पुरता जाणार नाही, हेही मला सांगावं लागलं.

मग त्यांनी पेन मागितला. सही केली आणि फॉर्म माझ्या हातात दिला.

"तुह्या मायले मी सांगीन," ते म्हणाले. "तुले सांगता येत नाई."